बिनबोटांचे हातमोजे आणि श्रमांचा जमाखर्च

ज्याच्या हातांना थंडीतही विसावा नाही, त्याच्यासाठी बिनबोटांचा हातमोजा आहे. पूर्ण मोजा घातलेल्या हाताने नाणी मोजता येत नाहीत, पावतीपुस्तकाचे पान उलटता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. मनगट, तळवा आणि बोटांची मुळे झाकून बोटांची टोके मोकळी सोडणारा हा मोजा म्हणजे ऊब आणि काम यांच्यातील शहाणपणाची तडजोड होय. पौषातल्या गारठ्यात निफाड-लासलगाव परिसरात सकाळी दुकान उघडणाऱ्या किंवा कांद्याच्या लिलावात पावत्या लिहिणाऱ्या हातांना त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

लेगवॉर्मर हे त्याचेच पायांसाठीचे भावंड. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरीला ऊब देणारा, पण पाऊल मोकळे ठेवणारा हा मोजा बॅले नर्तकांच्या सरावगृहात रुळला. स्नायू थंड पडू नयेत आणि पावलाची जमिनीवरची पकडही सुटू नये, अशी त्यांची दुहेरी गरज होती. पुढे १९८० चा ‘फेम’ आणि १९८३ चा ‘फ्लॅशडान्स’ या चित्रपटांच्या काळात तो जगभर तरुणींच्या पायांत आला. आज त्याचा खरा उपयोग घरातील वृद्धांना होऊ शकतो. गुळगुळीत फरशीवर पायमोजे घसरतात. लेगवॉर्मरमध्ये तळवा उघडा राहत असल्याने ती भीती उरत नाही.

या दोन्ही वस्तू विणायला सोप्या आहेत, कारण विणकामातला अवघड भाग त्यांत वगळलेला असतो. हातमोज्यातील बोटे आणि पायमोज्यातील टाच या दोन जागी नवशिक्याची परीक्षा होते. त्या काढून टाकल्या की उरते ती एक साधी नळी. तरीही ऊब पुष्कळ मिळते. मनगटाशी रक्तवाहिन्या त्वचेलगत असतात आणि त्यांच्यावर चरबीचे आवरण थोडे असते; तेथे झाकण मिळाले की बोटांकडे जाणारे रक्त कमी थंड होते. लोकरीचा तंतू मुळात नागमोडी असतो. त्या वळणांत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही. ज्यांना लोकर टोचते किंवा ज्यांच्या घरी ती वापरण्याचा संकोच आहे, त्यांना अॅक्रिलिकचा धागा चालतो. तो धुवायला सोपा असतो, मात्र ओलावा शोषून घेण्याचा गुण त्यात नाही.

बिनबोटांच्या मोज्यांसाठी मध्यम जाडीची सुमारे ५० ग्रॅम लोकर आणि चार मिलिमीटरच्या, म्हणजे आठ नंबरच्या, दोन सुया पुरतात. सुईवर सैलसर ४० टाके घालावेत आणि प्रत्येक ओळ दोन सुलट, दोन उलट अशी विणत जावी. टाक्यांची संख्या चारने भागली जात असल्यामुळे उलटबाजूची ओळही त्याच क्रमाने येते. वेगळे काही लक्षात ठेवावे लागत नाही. सुमारे १८ सेंटिमीटर लांबी झाली की टाके सैलसर बंद करावेत. आता ही पट्टी उभी दुमडून कडेने शिवावी. मनगटाच्या बाजूने १० सेंटिमीटर शिवून पुढे अंगठ्यासाठी ५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी आणि उरलेले ३ सेंटिमीटर पुन्हा शिवावे. एका कडेला दोन सुलट आणि दुसऱ्या कडेला दोन उलट टाके असल्याने शिवण जुळली की उभ्या पट्ट्यांचा क्रम अखंड राहतो. लेगवॉर्मरसाठी हीच रीत, फक्त टाके ६४ आणि लांबी सुमारे ४० सेंटिमीटर. शिवण संपूर्ण लांबीची. ज्यांच्या पायांना सूज येते, त्यांच्यासाठी वरचा काठ विशेष सैल ठेवावा. पोटरीवर वळ उमटला तर मोजा घट्ट आहे असे समजावे.

कृती इथे संपते आणि हिशेब सुरू होतो. या जाडीच्या लोकरीत एका सेंटिमीटरला साधारण तीन ओळी बसतात. म्हणजे १८ सेंटिमीटरमध्ये ५४ ओळी, ओळीत ४० टाके. एका मोज्याचे २,१६० आणि जोडीचे ४,३२० टाके झाले. सवयीचा हात मिनिटाला पंधरा टाके विणतो असे धरले, तर जोडीला २८८ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास लागतात. लेगवॉर्मरच्या जोडीचे टाके याच हिशेबाने १५,३६० होतात आणि वेळ सतरा तासांचा. शिवण, धुणे आणि आकार देऊन वाळवणे यांचा वेळ यात धरलेला नाही. व्यापारी घरातल्या कोणालाही हे आकडे वाचताच पुढचा प्रश्न सुचेल : या तासांची नोंद कोणत्या खात्यावर होते?

बहुतेक वेळा ती होतच नाही. विणकाम ‘फावल्या वेळचे’ मानले जाते आणि फावल्या वेळेला मोल नसते, असा एक अलिखित नियम आहे. हा नियम एखाद्या संपूर्ण प्रदेशाच्या व्यापाराचा पाया झाला, तर काय घडते हे पाहायचे असेल तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचा इतिहास वाचावा.

ही बेटे साठाव्या अक्षांशावर आहेत. ऐन हिवाळ्यात तेथील दिवस सहा तासांहूनही लहान असतो. जमीन उथळ, पीक बेताचे. पुरुष मासेमारीसाठी समुद्रावर आणि स्त्रिया शेतात. तेथील लहान चणीच्या मेंढ्यांची लोकर उन्हाळ्याच्या आरंभी आपोआप सुटू लागते. ती कात्रीने न कापता हाताने अलगद उतरवून घेण्याची तिथली जुनी पद्धत आहे. त्या मऊ लोकरीतून बेटांवरील स्त्रिया मोजे, हातमोजे, मनगटपट्ट्या आणि पुढे अंगठीतून ओवता येतील इतक्या तलम शाली विणू लागल्या. सतराव्या शतकात हेरिंग मासे पकडायला येणाऱ्या डच खलाशांना त्या किनाऱ्यावर मोजे विकत. लर्विक हे गाव त्याच व्यापारातून वाढले. कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोके असलेला चामडी पट्टा बांधून त्यात सुईचे एक टोक रोवले की हात मोकळा राही. अशा रीतीने पाठीवर जळणाच्या पीटची टोपली घेऊन चालता चालताही विणकाम सुरू असे. फावला वेळ म्हणतात तो हा : ओझे वाहतानाचा वेळ.

याच लर्विकमध्ये १७९२ साली आर्थर अँडरसन यांचा जन्म झाला. पी अँड ओ या जहाज कंपनीचे ते एक संस्थापक. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बंदरात जिच्या आगबोटी नेमाने येत, तीच ही कंपनी. अँडरसन यांनी आपल्या बेटांवरचे तलम मोजे राणी व्हिक्टोरिया यांना भेट दिले आणि शेटलंडच्या विणकामाला प्रतिष्ठा लाभली. मागणी वाढली, दुकाने वाढली. पण विणणारीच्या हाती रोकड आली नाही.

कारण व्यवहार वस्तूंच्या अदलाबदलीचा होता. स्त्रीने शाल किंवा मोजे दुकानात द्यायचे आणि व्यापाऱ्याने त्याबदली चहा, कापड, फिती असा आपल्या दुकानातला माल द्यायचा. काही रक्कम शिल्लक राहिली तर नाण्यांऐवजी एक चिठ्ठी मिळे. ती त्याच दुकानात चाले. ब्रिटिश सरकारने या पद्धतीची चौकशी केली आणि विल्यम गथ्री यांनी १८७२ मध्ये लर्विक व इतर ठिकाणी विणणाऱ्या स्त्रियांच्या, तसेच व्यापाऱ्यांच्याही साक्षी नोंदवल्या. त्यांतून दिसणारे चित्र विलक्षण आहे. घरात चहा आहे, अंगावर कापड आहे, पण पीठ आणायला आणि भाडे भरायला पैसा नाही. मग तोच चहा किंवा तीच चिठ्ठी शेजारणीला कमी किमतीत देऊन पीठ मिळवायचे. श्रमाचा मोबदला हाती पडेपर्यंत दोनदा झिजे : एकदा दुकानात, दुसऱ्यांदा शेजारी.

व्यापाऱ्यांची बाजूही नीट ऐकण्यासारखी आहे. विणकामात आम्हाला नफा नाही, नफा आहे तो बदल्यात दिलेल्या मालात. रोख द्यायचे तर भाव कमी करावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता आणि नेमकी तीच त्याची मेख होती. विणणारीला कागदावर दिसणारा भाव हा खरा भाव नव्हता. दुकानाच्या वहीत तिच्या नावे जमा होणारा आकडा मोठा दिसे, पण त्या आकड्याने तिला हवे ते, हवे तिथे विकत घेता येत नसे. वही चोख होती. व्यवहार चोख नव्हता. १८८७ च्या दुरुस्ती कायद्याने घरी विणलेल्या अशा मालाचा मोबदलाही रोख देणे व्यापाऱ्यावर बंधनकारक केले. तरी जुनी रीत लगेच सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर मोठी फौज येऊन राहिली आणि सैनिक हातमोजे, मोजे, स्वेटर रोख पैसे देऊन थेट घेऊ लागले, तेव्हा कुठे विणणारीला आपल्या हाताचा खरा भाव कळला.

आपल्याकडे चिठ्ठीची ती पद्धत नाही, पण तिची सावली आहे. महिला मंडळांच्या विक्रीत किंवा ओळखीतल्या मागणीवर घरोघरी विणलेल्या वस्तू विकल्या जातात. तेथे भाव ठरवण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे लोकरीची किंमत दुप्पट करणे. ही रीत वरवर सोयीची वाटते, पण तिच्यात मोठा दोष आहे. साध्या पट्ट्यांच्या जोडीला जितकी लोकर लागते, जवळजवळ तितकीच वेलबुट्टीच्या जोडीला लागते. वेळ मात्र दुपटीने वाढू शकतो. म्हणजे लोकरीच्या मापाने भाव केला की कौशल्य जितके अधिक तितका तासाचा मोबदला कमी. जी सर्वांत उत्तम विणते, तिला सर्वांत कमी मिळते. कोणत्याही पेढीवर असा हिशेब एक दिवसही टिकणार नाही.

यंत्राशी तुलना करून हा प्रश्न सुटत नाही. लुधियानाच्या होजिअरी धंद्याने, ज्यात ओसवाल जैन कुटुंबांचा मोठा वाटा आहे, देशभर स्वस्त आणि चांगले गरम कपडे पोहोचवले. हिवाळ्यात पुण्या-नाशिकच्या रस्त्यांवर तिबेटी विक्रेत्यांकडे दिसणाऱ्या मालातलाही पुष्कळसा तिकडूनच येतो. यंत्रावरच्या जोडीशी हातच्या जोडीने किमतीत स्पर्धा करू नये, ती हरणारच. हातच्या विणीचे बळ मापात आहे. संधिवाताने बोटे वाकलेल्या आजोबांचा अंगठा जिथे येतो, तिथेच त्याची फट ठेवता येते. एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक असेल तर तेवढे टाके कमी घालता येतात. परदेशी शिकायला गेलेल्या नातवाच्या मनगटाची लांबी फोनवर विचारून घेता येते. हे माप ज्याला हवे, त्याने त्याचा भाव द्यावा.

म्हणून घरातील विणकामासाठी एक छोटी वही ठेवणे उचित ठरेल. तिच्यात तीन रकाने असावेत : लोकर, तास आणि मिळालेली रक्कम. जी जोडी प्रेमाने भेट दिली जाईल, तिच्याही तासांची नोंद करावी आणि रकमेच्या रकान्यात ‘भेट’ असे स्पष्ट लिहावे. दान आणि विक्री यांची नोंद वेगळी ठेवण्याची सवय व्यापारी घराला नवी नाही. विक्री असेल तर मोबदला रोख आणि वस्तू हाती देतानाच मिळावा. मैत्रिणीने ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटले, तर ती उधारी आहे. उधारीची नोंद नामे बाजूला व्हावी. ज्या घरात मुनीमजीचा पगार एक दिवसही लांबू दिला जात नाही, त्या घरी विणणाऱ्या बाईचे पैसे ‘दिवाळीनंतर’ वर जाणे शोभत नाही. आणि जो व्यापारी अशा वस्तू दुकानात विक्रीस ठेवतो, त्याने बदल्यात माल देऊ करण्यापूर्वी एकच विचार करावा : हा माल ती रोख पैशाने घ्यायला आली असती का?

वर्षअखेरीस ती वही उघडली, की घरातल्या मुलींना दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे आईने किंवा आजीने किती मनगटे उबदार ठेवली, आणि दुसरी म्हणजे त्यासाठी तिचे किती तास गेले. पहिली गोष्ट प्रत्येक घर अभिमानाने सांगते. दुसरी सांगण्याची सवय लागली, तर त्या मुली पुढे स्वतःच्या श्रमांचा भाव विचारताना अडखळणार नाहीत.