३० अँपिअरचा संसार

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते फाटक्या संसाराला उद्देशून. अमेरिकेत मात्र चांगली सुखवस्तू माणसे हौसेने आपले बिऱ्हाड चाकांवर चढवतात आणि महिना-महिना हिंडत राहतात. आर.व्ही. नावाची ही गाडी म्हणजे बसच्या पोटात बसवलेले घरच. निजायच्या जागा, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, सगळे आत. गेल्या जुलैत माझ्या पुतण्याने अशी एक गाडी भाड्याने घेतली, आणि दादा, वहिनी, सूनबाई, तो आणि मी अशी आमची वरात युटा व ॲरिझोना या दोन राज्यांतून फिरली. तिकडच्या तांबड्या डोंगरांची वर्णने आजवर पुष्कळांनी केली आहेत. मला सांगायचे आहे ते विजेबद्दल.

संध्याकाळी गाडी तळावर लागली की आपल्या वाट्याच्या जागेवर कमरेएवढा एक लोखंडी खांब उभा असतो. त्यात बहुधा २०, ३० आणि ५० अँपिअरची सॉकेटे असतात. गाडीच्या पोटातून जाडजूड केबल ओढायची, खांबात खुपसायची, की घर नांदते झाले. आमची गाडी ३० अँपिअरवाली. तिकडे दाब १२० व्होल्टचा, म्हणजे गुणाकार ३६०० वॅट. आकडा ऐकायला भारदस्त वाटतो खरा. पण आपल्या न्हाणीघरात गीझरसाठी जे एक मोठे सॉकेट असते ते १६ अँपिअरचे आणि आपला दाब २३० व्होल्टचा. त्याचा गुणाकार करून पाहा : ३६८०! म्हणजे आम्हा पाच माणसांचे अख्खे घर एका गीझरच्या सॉकेटावर चालायचे होते. त्यातही पूर्ण ३० अँपिअर तासन्‌तास ओढायचे नसतात. जाणते लोक २४ च्या पुढे जात नाहीत. शेजारच्या ५० अँपिअरवाल्याला आपल्या दीडपट मिळत असेल असे कुणालाही वाटेल, पण त्याच्या सॉकेटात ५०-५० च्या दोन तारा येतात. त्याचे होतात १२,००० वॅट. आमच्या तिपटीहून जास्त!

पहिल्याच सकाळी हिशेब चुकता झाला. छपरावरचे वातानुकूलन यंत्र चालू होते. ते एकटेच १३ ते १५ अँपिअर खाते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. आंघोळीच्या पाण्याची टाकी विजेवर तापत होती, तिचे १२. इतक्यात वहिनींनी चहासाठी विजेची किटली लावली. तिचे साडेबारा. खटका उडाला आणि छपरावरची घरघर थांबली. गंमत अशी की दिवे गेले नाहीत, कारण ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्यामुळे वीज गेली हे वहिनींना पटेचना. "भावोजी, दिवा तर लख्ख आहे, मग पाणी का उकळत नाही?" हा त्यांचा प्रश्न तर्कशास्त्राला धरूनच होता.

त्यावर सूनबाईने एक कागद फ्रीजच्या दारावर चिकटवला. चाळीत नळाला पाणी ठरल्या वेळी यायचे, तेव्हा कुणी केव्हा बादली लावायची हे जसे ठरलेले असे, तसाच तो कागद. किटली १२, मायक्रोवेव्ह १३, केस वाळवण्याचे यंत्र १३, टोस्टर ८, मिक्सर ६. यांपैकी वातानुकूलनाच्या जोडीला एका वेळी एकच. किटली मिनिटापुरती लागते आणि मिनिटापुरते वातानुकूलन बंद ठेवले तर कुणी मरत नाही, हेही खाली लिहिलेले होते. वीज कमी आहे याचा अर्थ दिवसभरात थोडी मिळते असा नव्हे. मिळते भरपूर, पण एका वेळी ठरावीकच. हे एकदा उमगले की निम्मी भांडणे मिटतात.

उरलेली निम्मी गॅस मिटवतो. या गाड्यांत प्रोपेन वायूची टाकी असते, आणि पाण्याची टाकी विजेऐवजी त्यावर तापवता येते. एक बटण दाबले की १२ अँपिअर मोकळे. फ्रीजची तऱ्हा तर अजब. आमच्या गाडीतल्या फ्रीजला आपल्या घरच्यासारखा कॉम्प्रेसर नव्हता. त्यात अमोनिया आणि पाणी असते. ते तापवले की अमोनियाची वाफ निघते, ती थंड होऊन पातळ होते आणि पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेते. तापवायला वीज चालते तशी गॅसची ज्योतही चालते. दादा आयुष्यभर हिशेबनीस होते, पण ज्योत पेटवून बर्फ करतात हे ऐकल्यावर दोनदा बाहेर जाऊन त्या फ्रीजमागच्या झडपेत डोकावून आले.

इथवर सगळे गमतीचे होते. मोआब गावच्या तळावर मात्र गंमत संपली. दुपारचे चार, बाहेर ३८ अंशांवर पारा, तळ तुडुंब भरलेला आणि प्रत्येक छपरावर वातानुकूलनाची घरघर. दादांचे वय ७८, हृदयाचे दुखणे जुने. अशा वेळी आमचे यंत्र बंद पडले. खटका उडालेला नव्हता. पुतण्याने खांब आणि केबल यांच्यामध्ये एक संरक्षक पेटी जोडली होती, तिच्यावर आकडा दिसत होता १०२. सगळा तळ एकदम वीज ओढू लागल्यामुळे दाबच खाली आला होता आणि पेटीने आमची वीज तोडली होती. कचेरीतला माणूस म्हणाला, उन्हाळ्यात असे होतेच.

वहिनी म्हणाल्या, "ती पेटी काढून टाक ना! बाजूच्यांचे चालले आहे." पुतण्याने ऐकले नाही, आणि त्याचेच बरोबर होते. दाब कमी झाला की मोटर वीज कमी घेत नाही, उलट जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. मग रात्रीचीही आशा नाही. पण हे सगळे खरे असले तरी समोर बाप घामाने निथळत बसलेला असताना हात आवरणे सोपे नसते. त्याने केबल काढली, इंजिन सुरू केले, दादांना पुढच्या आसनावर बसवले आणि इंजिनाच्या थंड हवेत आम्ही कोलोरॅडो नदीकाठच्या रस्त्याला लागलो. दादांना वाटले, नदी दाखवायला नेत आहेत. साडेनऊला परतलो तेव्हा आकडा ११४ होता. पेटीने दोन मिनिटे वाट पाहिली आणि घरघर सुरू झाली. दादा अकरापर्यंत गाढ झोपले होते.

त्या रात्रीपासून केबल लावायचे काम पुतण्याने स्वतःकडे घेतले. आधी खांबावरचा खटका बंद, मग प्लग, मग खटका चालू. अर्ध्या तासाने प्लगला पालथा हात लावून पाहायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट सैल झाले आहे, आणि सैल सॉकेट म्हणजे आगीला आमंत्रण. खांबांतली काही सॉकेटे कडेने काळी पडलेली मी स्वतः पाहिली. बागेत वापरतात तसली बारीक वायर जोडून केबल लांबवणे हाही तसलाच प्रकार. केबल तापते आणि आधीच कमी असलेला दाब आणखी उतरतो.

युरोपात म्हणे आणखी काटकसर. फ्रान्समध्ये पुष्कळ तळांवर ६ अँपिअरच मिळतात, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. इंग्रजाची घरची किटलीच ३००० वॅटची! म्हणून तिकडे प्रवासासाठी कमी वॅटच्या किटल्या विकतात. पाणी सावकाश उकळते, इतकेच.

शेवटचा मुक्काम ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर. तिथे शेजारी शेजारी दोन तळ आहेत : मॅदरमध्ये विजेचा खांबच नाही, ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. आम्ही दुसऱ्यात होतो. पुतण्याने जोडणी लावून केबल ५० च्या सॉकेटात घातली, कारण ते कमी वापरलेले आणि घट्ट असते. वहिनींचा चेहरा खुलला. "म्हणजे आता किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम?"

"नाही आई, गाडीतला मुख्य खटका ३० चाच आहे."

सात हजार फुटांवरची ती रात्र थंड होती आणि वातानुकूलनाची गरजच नव्हती, तेव्हा दोन्ही एकदम चालली असती. पण वहिनींनी पुन्हा विचारले नाही. त्यांनी गॅस पेटवला आणि पातेल्यात चहाचे आधण ठेवले.