पी हळद, हो आर्चमेज

'स्कायरिम' या व्हिडिओ गेममधल्या विंटरहोल्डच्या जादू-कॉलेजात शिरणं अवघड नाही. पुलावर उभी असलेली फराल्डा एखादी जादू करून दाखवायला सांगते. येत नसेल, तर ३० सुवर्णनाण्यांना तो मंत्र तीच विकते! प्रवेशाचं सोडा, नवख्यासाठी दार सैलच हवं. पण मोजक्या मोहिमा होतात, आर्चमेज, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, सावोस आरेन मारले जातात आणि त्यांची वस्त्रं, त्यांच्या दालनाची किल्ली थेट आपल्या हातात पडते. प्राथमिक मंत्रांपलीकडे तुम्ही काही शिकलात का, हे कुणी विचारत नाही. बहुतेक लढाया कुऱ्हाडीने मारून नेल्या तरी चालतं. गंमत म्हणजे वस्त्रं देतो टोल्फडीर, तिथे विद्यार्थी घडवणारा जुना शिक्षक.

'स्कायरिम' बनवणारं हेच बेथेस्डा २००२ साली 'मॉरोविंड'मध्ये काटेकोर होतं. मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघात, दहा पायऱ्या होत्या. प्रत्येक बढतीआधी तुमची कौशल्यं तपासली जात आणि कमी पडलात तर तोंडावर नकार मिळे. शेवटच्या पायरीसाठी गिल्डला मान्य असलेलं एक कौशल्य ९०वर न्यावं लागे. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये सात शहरांतून शिफारसपत्रं गोळा करण्याची दगदग उरली, कौशल्याची अट मात्र गेली. २०११च्या 'स्कायरिम'पर्यंत गोष्ट संपली की गादी ठरलेली!

"गेम आहे, नायक मोठा होणारच," असं म्हणतात. व्हावा की! पण मग त्या मोठेपणाला काही काम द्या. आर्चमेज झाल्यावरही ग्रंथपाल उराग आपल्याला पुस्तकं आणायला पिटाळतो. बेथेस्डाच्याच २०१५च्या 'फॉलआउट ४'मध्ये तर प्रेस्टन गार्वी जेमतेम ओळखीवर आपल्याला मिनिटमेन या नागरी सेनेचा जनरल करतो आणि लगेच हुकूम सोडतो, अमक्या वस्तीला मदत हवी आहे, निघा. जनरल आपण, फर्मान त्याचं. कमावलेलं नाही आणि वापरताही येत नाही, असं पद म्हणजे नुसती झूल.

जमत नाही म्हणावं, तर 'स्कायरिम'मध्येच उलट उदाहरण आहे. चोरांच्या गिल्डचं प्रमुखपद मुख्य कथा संपवून मिळत नाही. व्हाइटरन, विंडहेल्म, सॉलिट्यूड आणि मार्कार्थ या चार शहरांत भुरट्या चोऱ्यांची कामं करत गिल्डचा दबदबा पुन्हा बसवावा लागतो. कामं कंटाळवाणी आहेत, कबूल. पण रॅग्ड फ्लॅगन या गुत्त्यात एकेक नवा दुकानदार येऊन बसतो आणि आपण केलेलं डोळ्यांना दिसतं. तिथली गादी आपली वाटते.

खेळाडूला 'नाही' ऐकवायची भीती, हे खरं दुखणं आहे. 'स्कायरिम'च्याच मालिकेतल्या 'एल्डर स्क्रोल्स ६'ची घोषणा २०१८ सालीच झाली आहे. त्यात एवढं तरी करावं: जग वाचवणाऱ्याला आभार आणि बक्षीस द्यावं, गादी लायक शिक्षकाकडे सोपवायची मुभा द्यावी. आणि ज्याला ती स्वतःलाच हवी असेल, त्याची आधी परीक्षा घ्यावी.