मळायचं नाही, चोळायचं

हाताचं प्लास्टर निघून दोन महिने झाले, तरी आई ओट्याशी येईना. "कणीक मळता येत नाही, मग येऊन करू काय?" हे ठरलेलं उत्तर.

त्या रविवारी मी स्कोन करायला घेतले. इंग्रजांच्या दुपारच्या चहाबरोबरचा हा प्रकार, पाव आणि बिस्कीट यांच्या मधला. पहिल्या खेपेचे दगड झाले होते. सवयीने पोळ्यांच्या कणकेसारखं तिंबलं होतं ना! स्कोनचं पीठ मळायचंच नसतं, मळलं की मैदा चिवट होतो. हे ऐकून आई आत आली.

२५० ग्रॅम मैदा, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि फ्रिजमधलं ६० ग्रॅम बटर. "म्हणजे मोहन चोळायचं," म्हणत तिने बोटांच्या टोकांनी सगळं रव्यासारखं करून दिलं. फक्त हे मोहन थंडगार हवं. (बडोद्याच्या मे महिन्यात परातही फ्रिजमध्ये ठेवा.) अर्ध्या पिठात किसलेलं चीज आणि मिरपूड, अर्ध्यात चमचाभर साखर आणि बेदाणे. दोन्हींत मिळून साधारण १५० मिली दूध, सुरीने कालवायचं, गोळा जमेपुरतंच. इंचभर जाड थापून छोट्या वाटीने सरळ दाबून कापायचे. वाटी फिरवली तर कडा मिटतात आणि स्कोन नीट फुगत नाहीत. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं.

गोड स्कोनवर डेव्हनमध्ये आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. आईने घरचं लोणी लावलं.

"तिखटात ओवा हवा होता," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी मी घालते."