पऱ्हाटीच्या मुलखातून राष्ट्रपतिभवनात



अमेरिकेत नवा अध्यक्ष निवडून आला, की त्याचे बालपण, शाळा, पहिली नोकरी यांवर पुस्तके निघतात. आपल्याच कापसाच्या मुलखातून देशाच्या सर्वोच्च पदावर गेलेल्या बाईंची वाटचाल मात्र आपल्याला धड ठाऊक नसते.

प्रतिभाताई पाटील यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिक्षण, मुंबईला कायद्याची पदवी आणि जळगावच्याच कोर्टात वकिली. १९६२ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, त्या आमदार झाल्या. पुढे एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून ओळीने चार वेळा निवडून आल्या. १९९१ मध्ये अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. २५ जुलै २००७ रोजी त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. खेड्यातली पोर शिकली तर कुठवर जाते, हे त्यांनी दाखवले. आम्हाला त्याचा अभिमान आहे.

पण कौतुक झाले की हिशेब मांडावा लागतो. १९६२ ते १९८५ अशी २३ वर्षे त्या विधानसभेत होत्या. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, तेही ऐन वेचणीच्या दिवसांत. त्यांच्याकडे आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, नागरी पुरवठा अशी खाती आली. १९७२ च्या हंगामात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि आपला माल सरकारखेरीज कोणाला विकायचा नाही, असे बंधन आले. तेव्हा सभागृहात कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांचे आमदार काही कमी नव्हते.

२००८ ची कर्जमाफी आठवा. ६० हजार कोटींचा गाजावाजा झाला. पण संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यालाच. ओलिताची दोन हेक्टर आणि मुरमाड कोरडवाहू तीन हेक्टर यांत जास्त पिकते कुठे, हे तुम्हाला सांगायला नको. तरी कोरडवाहू तीन हेक्टरवाला मोठा शेतकरी ठरला. बाकीचे कर्ज भरले तरच त्याला थोडी सूट. त्या वेळी राष्ट्रपतिभवनात आपल्याच मुलखातली बाई होती.

हा दोष त्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे लागते. चूक आपली आहे. आपल्या भागातला माणूस मोठा झाला, की आपण गुलाल उधळतो आणि प्रश्न विचारायचे विसरतो.

म्हणून या मेळाव्यात एवढेच ठरवू या. मत मागायला येईल तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे नंतर पाहू. आधी त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घेऊ: कापूस-ज्वारीचा भाव उत्पादनखर्चावर मागणार का? कर्जाच्या नियमात कोरडवाहू हेक्टर वेगळा मोजायला लावणार का? आणि सभागृहात आमच्या बाजूने हात वर करणार का?

लेखी देईल त्याचाच विचार करू.