माळ्यावरचा कॉम्प्युटर वाचनालयात आणून द्या

गावकरी मंडळी,

गेल्या वर्षी वाचनालयात आम्ही सीईटी या प्रवेश परीक्षेचा कॉम्प्युटरवर सराव घेतला. बारावीतली एक मुलगी, गणितात हुशार. माऊस सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि अडली. पुढे जागाच नव्हती. माऊस उचलून परत मागे ठेवायचा, हे तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. दाखवल्यावर हात बसायला पाच मिनिटं पुरली. परीक्षेत तेवढ्या वेळात दोन-तीन गणितं सुटतात.

एमएचटी-सीईटी २०१९पासून कॉम्प्युटरवर होते. गणिताला ९० मिनिटं, ५० प्रश्न. आपली मुलं मात्र तयारी करतात मोबाईलवर, आणि घरात मोबाईल एकच असला की तो आधी मुलाच्या हातात जातो.

गावात कॉम्प्युटर नाहीत असं थोडंच आहे? दुकानांच्या पोटमाळ्यावर, घरच्या अडगळीत ते पडून आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट बंद झाले, तेव्हा अनेकांनी चालती मशीन बाजूला सारली. ती भंगारात घालू नका. ४ जीबी रॅम असली आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, की त्यावर लिनक्स मिंट छान चालतं. लायसनचे पैसे लागत नाहीत. टायपिंग, सराव परीक्षा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं होतं.

फोटो, बँकेची कागदपत्रं यांची काळजी वाटणं रास्त आहे. जुनी हार्ड डिस्क तुमच्यासमोर काढून तुमच्याच हातात देऊ. जुने मोठे डबा मॉनिटर तेवढे आणू नका. ठेवायला जागा नाही.

कव्हर घालून कुलपात ठेवलेले कॉम्प्युटर मी एका शाळेत पाहिलेत. मोडतील म्हणून कुणी हात लावायचा नाही. वाचनालयातल्या आपल्या कॉम्प्युटर खोलीला दिवसा कुलूप नसेल, फी नसेल. मोडलं तर दुरुस्त करू. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ फक्त मुलींची, म्हणजे त्यांना वेळेत घरी पोचता येईल.

मशीन नसेल तर एका एसएसडीचा खर्च उचला. तेही जमत नसेल, तर आठवड्यातून एक तास मुलांशेजारी बसा. नोकरीत रोज कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना हे विशेष सांगणं.

येत्या रविवारी सकाळी दहापासून आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेले असू. बंद पडलेलं मशीनही चालेल, त्याची रॅम दुसऱ्याला लागते. लॅपटॉप आणाल तर चार्जर आठवणीने आणा.

— वाचनालयाचे कार्यकर्ते