गिरणीची थरथर आणि नऊ वॅटचा दिवा

देवणीसारख्या गांवीं पिठाची गिरणी सुरू झाली कीं तिची थरथर शेजारच्या भिंतीस हात लावतांच कळते. ही हालचाल व्यर्थ जाते, तिची वीज कां करूं नये, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास पडणें स्वाभाविक आहे. प्रश्न उत्तम आहे; परंतु उत्तर देतांना पुष्कळदां अतिशयोक्ति होते.

कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांवर विद्युत्प्रभार प्रकट होतो, हें पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. गॅस पेटविण्याच्या लायटरची ठिणगी पुष्कळदां हीच. असा पदार्थ लवचिक पट्टीवर बसवून ती थरथरत्या यंत्रास जोडली म्हणजे प्रत्येक लवण्यासरशी थोडी वीज मिळते. मात्र पट्टीचा झोका यंत्राच्या तालाशीं जुळला पाहिजे. मिनिटास १४४० फेरे घेणारी मोटार सेकंदास २४ फेरे घेते. तिच्यासाठीं पट्टीही सेकंदास २४ वेळां डोलणारी हवी. ताल धरून झोका दिला तरच पाळणा चढतो, हें घरोघरच्या मातांस ठाऊक आहेच!

आतां हिशोब. अशा लहान साधनाची वीज बहुधा एक मिलिवॅटच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनही कमी असते. म्हणजे ९ वॅटच्या एका दिव्यास अशीं ९००० साधनें लागतील. म्हणून विज्ञानप्रदर्शनांत ‘पावलांच्या दाबानें गांव उजळेल’ अशी पाटी दिसली कीं आम्हांस खेद होतो. बक्षीस पाटीस न देतां मोजमापाची वही आणणारास द्यावें.

मग ही विद्या निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. जेथें तार नेतां येत नाहीं व बॅटरी बदलणें अवघड, तेथें तिचें स्थान आहे. आगगाडीच्या चाकाचें बेअरिंग तपासणारें छोटें यंत्र चाकाच्याच हादऱ्यांवर चालविण्याची युक्ति इंग्लंडांत वापरली गेली आहे. तें यंत्र थेंबथेंब वीज सांठवितें, क्षणभर जागें होऊन निरोप धाडतें आणि पुन्हां निजतें. पुलाची नित्याची थरथर अशा यंत्रानें नोंदविली, तर आंतील बिघाड डोळ्यांस दिसण्यापूर्वींही कळूं शकेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप सोसलेल्या आमच्या जिल्ह्यास अशा पूर्वसूचनेचें मोल निराळें सांगावयास नको.

आमची सूचना लहानशी आहे. तांब्याच्या तारेचें वेटोळें, स्प्रिंगेला टांगलेलें लोहचुंबक व एक मल्टीमीटर एवढ्यावर आरंभ होतो. मल्टीमीटर शाळेनें द्यावा. गिरणीवाले मामा भिंतीजवळ हातभर जागा खचित देतील.