ऑनलाइन स्वाध्याय आणि शिक्षकांचा शेरा

आपल्या शाळेतून बाहेर पडून महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात अलीकडे एक विषय वारंवार येतो. स्वाध्याय आता संगणकावरून वा मोबाईलवरून सादर करावे लागतात आणि त्यांचे गुणही पडद्यावरच दिसतात. विद्यार्थ्यांना सादर करण्याची ही पद्धत सोयीची वाटते. तपासणीविषयी मात्र त्यांचे मन साशंक असते. या शंकेमागे रास्त अपेक्षा आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम लाभ पाहू. पूर्वी स्वाध्याय देण्यासाठी गावाहून एसटीने अभ्यासकेंद्र गाठावे लागे. कमावून शिकणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडे. गठ्ठ्यात कागद हरवले, तर दाद मागण्यास पुरावा नसे. आता दिनांक व वेळेसह पोच मिळते. त्याहून मोठा लाभ म्हणजे नाव झाकून केवळ क्रमांकावर तपासणी करण्याची सोय. अशी सोय काही संगणकप्रणालींत असते. ब्रिटनमधील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने नाव झाकून तपासणी व्हावी, यासाठी मोहीम चालविली होती. आडनावावरून जात ओळखण्याची सवय जेथे अजून गेलेली नाही, तेथे या सोयीचे मोल आपल्या पालकांना वेगळे सांगावयास नको. लेखी परीक्षेत आसनक्रमांक हे संरक्षण देतो. अंतर्गत गुणांच्या स्वाध्यायांत ते सहसा मिळत नाही.

तथापि यंत्र आले म्हणजे न्याय आपोआप होतो, असे नव्हे. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका पुरेशा पूर्वतयारीविना पडद्यावर तपासावयास घेतल्या. निकाल रखडले, पुढील प्रवेश अडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. घाईची किंमत मुख्यतः विद्यार्थ्यांनीच मोजली.

मराठीतून लिहिणाऱ्यांची अडचण निराळीच आहे. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांच्या रूपात उघडतो. हस्तलिखित पानांची छायाचित्रे काढून पीडीएफ करावी, तर फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी होते. शेवटच्या तासाला गावातील नेटवर्क दगा देते आणि उशिराचा ठपका विद्यार्थ्यावर येतो.

या सर्वांहून अधिक खंत आहे ती शेऱ्याची. 1985 साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात बहुतेक अभ्यासक्रमांच्या स्वाध्यायांना साधारणतः 30 टक्के भारांश असतो. दूरशिक्षणात गुरुशिष्यांची भेट क्वचितच होते; म्हणून तपासलेल्या स्वाध्यायावरील शेरा हाच तेथे शिकविण्याचा एक मार्ग मानला जातो. पडद्यावर तपासतानाही समासात टीप लिहिता येते. असे असता अनेकांच्या वाट्याला केवळ ‘20 पैकी 12’ एवढा आकडाच येतो. गेलेले आठ गुण कोठे गेले, हे ज्याच्या घरी समजावून सांगणारे कोणी पदवीधर आहेत, तो कसाबसा शोधून काढील. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाने कोणाला विचारावे? उत्तर न मिळाल्यास ‘आपल्याला जमत नाही’ असा समज तो करून घेतो. पुढे अभ्यास सोडण्याची सुरुवात कित्येकदा तेथूनच होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महाविद्यालयांनी नाव झाकून तपासणी करावी, युनिकोड मराठी व हस्तलिखित दोन्ही स्वीकारावे, आणि प्रत्येक स्वाध्यायावर निदान दोन वाक्यांचा शेरा द्यावा. शिक्षकांवरील भार आम्ही जाणतो. रिक्त पदे भरल्याविना ही अपेक्षा पूर्ण होणे कठीण आहे, हेही जाणतो. पण त्या उणिवेचा भुर्दंड विद्यार्थ्याने का सोसावा?

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज प्राध्यापक आहेत, त्यांनी हा पायंडा आपल्या वर्गापासून घालावा. इतरांनी आपल्या वस्तीतील एकदोन मुलांचे स्वाध्याय सादर होण्यापूर्वी वाचून द्यावेत व युनिकोड टंकलेखन शिकवावे. पालकांनीही ‘किती गुण पडले?’ या प्रश्नासोबत ‘सरांनी काय लिहिले?’ हेही विचारावे. मुलाला उत्तर देता आले नाही, तर त्याने शिक्षकांकडे जाऊन ते नम्रपणे मागावे. तो त्याचा हक्क आहे.